आडवं दहा, उभं नऊ

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर पद्मजा सबनीस यांचा गाळा आहे. तिथे शाळांचे बॅज भरले जातात. मुलांच्या शर्टाच्या खिशावर शिवतात ते, रंगीत धाग्यांनी भरलेलं शाळेचं चिन्ह. एकाच वेळी बारा बॅज भरणारी दोन मोठी मशिनं तिथे दिवसभर खडखडत असतात. पण मशिनला चित्र कळत नाही. सुई कुठे टोचायची, टाका किती लांब घ्यायचा, कुठून सुरू करून कुठे संपवायचं, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने आखून द्यावं लागतं. या कामाला पंचिंग म्हणतात, आणि त्या गाळ्यात ते गेली सव्वीस वर्षं कमल राऊळ करते.

कमल आता सत्तावन्न वर्षांची आहे. राहते घाटकोपरला, भटवाडीत. गाव कुडाळकडचं, पण जन्म लालबागचा. वडील गुणाजी गिरणीत होते. संपानंतर बिऱ्हाड घाटकोपरला हललं आणि दहावी होताच कमल भरतकामाच्या एका कारखान्यात लागली. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर तिथे बायका साड्यांचे काठ भरत. कमलचा हात बेताचाच होता. तिचे डोळे मात्र लवकर लोकांच्या लक्षात आले. चौकटीच्या पलीकडे उभी राहून ती सांगायची, "तिसऱ्या फुलाची पाकळी डावीकडे गेलीय गं." मग कोणीतरी पट्टी लावायचं, आणि पाकळी खरोखरच सुतभर गेलेली असायची.

पद्मजाताईंनी पहिलं मशीन आणलं तेव्हा पंचिंग शिकायला कोणी पुढे येईना. कॉम्प्युटर बिघडला तर आपल्या अंगावर येईल, अशी सगळ्यांना भीती. कमल म्हणाली, मी शिकते. तेव्हा मूळ चित्र सहापट मोठं करून कागदावर काढायचे, तो कागद एका मोठ्या फळीवर चिकटवायचे आणि एकेक बिंदू दाबत जायचे. पुढे फळी गेली आणि सगळं स्क्रीनवरच व्हायला लागलं. कमलची पद्धत बदलली नाही. सॉफ्टवेअरमध्ये चित्राची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये दाखवणारी एक चौकट असते, ती तिने कायम बंद ठेवलेली. तिचं म्हणणं असं, की कापड आकड्यांप्रमाणे वागत नाही. धागा ओढ घेतो. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आवळलं जातं, आणि स्क्रीनवरचा मोजून मापून काढलेला गोल कापडावर चपटा होतो. म्हणून आधीच केसभर फरक ठेवावा लागतो. तो केस केवढा, हे डोळ्यांनी ठरवायचं. सव्वीस वर्षांत तिचा एकही गोल परत आला नव्हता.

यंदा एप्रिलमध्ये ते घडलं. या धंद्यात एप्रिल म्हणजे मान वर करायला फुरसत नसते. जूनला शाळा उघडतात आणि त्याआधी बॅज दुकानांत पोचायला लागतात. नेमकं त्याच वेळी पंचिंगचं जुनं सॉफ्टवेअर अडायला लागलं, बाहेरून आलेल्या नव्या फाइली उघडेना. पद्मजाताईंनी ते पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. एका शनिवारी त्यांचा माणूस आला. त्याने कॉम्प्युटरची सगळी सिस्टीमच नवीन टाकली, त्यावर सॉफ्टवेअरही नवीन टाकलं, कमलच्या जुन्या फाइली उघडून दाखवल्या आणि कागदावर सही घेऊन निघून गेला.

सोमवारी सकाळी कमलने कॉम्प्युटर चालू केला. सगळं जागच्या जागी होतं. फक्त चित्रावर वाफ धरल्यासारखं वाटत होतं. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. टाक्यांच्या बारीक रेघा आधी सुट्या सुट्या दिसायच्या, त्या आता एकमेकींत मिसळल्या होत्या. तिने स्क्रीन पुसली, चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली, मग मागे घेतली. काही फरक पडला नाही.

"रतन, आज उजेड कमी आहे का गं?" तिने विचारलं.

रतन पवार मशिनं सांभाळते. पस्तिशीची, बोलायला फटकळ, कामाला चोख. ती मशिनवरून मान न वळवता म्हणाली, "नाही हो कमलताई, ट्यूबलाइट तर परवाच नवीन लावलीय ना."

कमलला आईची आठवण झाली. तिच्या आईला, शेवंतीला, साठीच्या आसपास हळूहळू दिसेनासं झालं होतं. काचबिंदू होता. आईने दीड वर्ष कोणाला कळू दिलं नाही. भातात खडे लागायला लागले तेव्हा घरात समजलं, आणि तोवर फार उशीर झाला होता. आपल्याला सांगितलं का नाही, म्हणून कमल तेव्हा आईवर खूप चिडली होती. आता स्वतःवर वेळ आल्यावर तिनेही तेच केलं. कोणालाच सांगितलं नाही.

पुढचे दोन आठवडे तिने अंदाजाने काम रेटलं. संध्याकाळी डोकं ठणकायचं. शिवाय आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. तिला गोल गोल दिसत नव्हते. स्क्रीनवरचं प्रत्येक वर्तुळ थोडं पसरट वाटायचं, खालून-वरून हलकेच दाबल्यासारखं. मग ती माउसने ते दोन्ही बाजूंनी आत घ्यायची, नीट गोल दिसेपर्यंत.

मुलुंडच्या एका शाळेचं काम त्याच दिवसांत आलं. गोल बॅज, आत समई, भोवती शाळेचं नाव. गेल्या वर्षीचंच डिझाइन होतं, शाळेने फक्त नावातली अक्षरं मोठी करायला सांगितली होती. कमलने फाइल उघडली तर तो गोलही तिला पसरट दिसला. गेल्या वर्षी आपण हा असा कसा जाऊ दिला, असं म्हणत तिने तो नीट केला, समईही जरा बारीक केली.

रतनने मशीन लावलं. पहिले बारा बॅज निघाले, तसा त्यातला एक घेऊन ती कमलच्या टेबलाशी आली.

"कमलताई, हा लांबट वाटतोय का हो? उभा उभा?"

कमलने तो हातात घेतला. तिलाही तो लांबट दिसला. पण तिला वाटलं, स्क्रीनवर पसरट दिसतं, कापडावर लांबट दिसतं, हा सगळा आपल्या डोळ्यांचाच खेळ आहे. आणि रतन आपल्या डोळ्यांवर संशय घेतेय, असा तिला उगाचच वास आला.

"सव्वीस वर्षं गोल काढतेय मी," ती म्हणाली. "तू मशीन बघ."

रतन गेली. सहाशे बॅज भरून झाले, खोक्यात बसले, मुलुंडला गेले. आणि चौथ्या दिवशी खोकं परत आलं.

पद्मजाताई ओरडणाऱ्यांतल्या नाहीत. साठीच्या, मुलुंडच्या जुन्या रहिवासी, नवऱ्याच्या मागे हा गाळा त्यांनीच चालवला. त्यांनी नवा बॅज आणि गेल्या वर्षीचा बॅज कमलच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. गेल्या वर्षीचा गोल होता. नवा अंड्यासारखा उभा.

"शाळेतून फोन होता," त्या म्हणाल्या. "काय झालं गं कमल?"

कमलने एक बॅज दुसऱ्यावर ठेवून पाहिला. मग तिने दोन आठवडे मनात धरलेलं बोलून टाकलं. "ताई, मला आता दिसत नाही नीट. माझ्या आईसारखं होतंय माझं. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा. हे काम मला नाही जमणार यापुढे."

"डोळे दाखवलेस?"

"दाखवून काय होणार आहे?"

"आधी दाखव. मग सोडायचं काय ते बोलू," पद्मजाताई म्हणाल्या. "आणि आज घरी जा."

कमलचा नवरा सहदेव अंधेरीच्याच एका औषध कंपनीत पॅकिंगला होता. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून दुपारचा स्वयंपाक त्याच्याकडे आहे. कमल भलत्या वेळी दारात दिसली तेव्हा तो सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात धुतले.

"काय झाला?"

तिने सगळं सांगितलं. वाफ, पसरट गोल, परत आलेलं खोकं, आईचं सगळं. ती थांबली तेव्हा सहदेव म्हणाला, "दोन आठवडे झाले. माका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगून काय झाला असता?"

"दोन आठवडे आधी डॉक्टराकडे गेलो असतो," सहदेव म्हणाला. "भिया नको. उठ, आताच जावया."

घाटकोपर स्टेशनजवळ डॉक्टर गंधाली यांचं डोळ्यांचं क्लिनिक आहे. कमलचा चष्म्याचा नंबर त्याच काढत आल्या होत्या. त्यांनी तिला अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग यंत्रावर हनुवटी टेकवून एकेक डोळा तपासला, डोळ्यांतलं प्रेशर मोजलं. सहदेव बाजूच्या स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"काचबिंदू आहे का?" कमलने न राहवून विचारलं.

"नाही. प्रेशर व्यवस्थित आहे, आतली नसही चांगली आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, पण त्याला घाई नाही. नंबर दोन वर्षांपूर्वी होता तोच आहे."

"मग मला धूसर का दिसतं? गोल पसरट का दिसतो?"

डॉक्टरांनी टेबलावरचं कागदाचं पॅड ओढलं, औषधाच्या बाटलीचं बूड त्यावर ठेवून पेनने गिरवलं आणि पॅड तिच्यापुढे धरलं. "हा कसा दिसतो?"

"गोल."

त्यांनी पॅड आडवं धरलं, उभं धरलं, एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. "आता?"

"गोलच दिसतोय."

"घरात ताट, वाट्या, घड्याळ? ती पसरट दिसतात?"

कमलने आठवून पाहिलं. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. "नाही," ती म्हणाली. "फक्त कामावर. कॉम्प्युटरवर."

"मग राऊळताई, तुमचे डोळे मी तपासले. आता तो कॉम्प्युटर कोणीतरी तपासायला हवा."

बाहेर आल्यावर सहदेवने खुशीत दोन ग्लास उसाचा रस सांगितला. कमलने ग्लास हातात घेतला, पण तिचं लक्ष नव्हतं. आईसारखं होणार नाही, हे ऐकून छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्या जागी एक प्रश्न येऊन बसला होता.

"मग तो बॅज वाकडो कसो झालो?" ती म्हणाली.

"ता उद्या बघ," सहदेव म्हणाला. "रस पी."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा तासभर आधी गाळ्यावर पोचली. कॉम्प्युटर चालू केला आणि नवीन कोऱ्या फाइलवर एक वर्तुळ काढलं. हाताने नाही. सॉफ्टवेअरला सांगून, रुंदी ऐंशी मिलिमीटर, उंची ऐंशी मिलिमीटर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने आकड्यांची ती चौकट उघडली होती. आकडे सारखे होते, म्हणजे हे वर्तुळ गोल असायलाच हवं होतं. तिला ते पसरट दिसलं.

मग तिने आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढून पुसलं आणि स्क्रीनला टेकवून धरलं. चित्र लहान-मोठं करत वर्तुळाची उंची झाकणाएवढी केली. वर-खाली झाकण बरोबर बसलं. डावी-उजवीकडे वर्तुळ झाकणाच्या बाहेर डोकावत होतं, दोन्हीकडे सारखंच.

रतन आली तेव्हा कमल स्क्रीनवर झाकण धरून उभी होती.

"हे काय चाललंय?"

"इकडे ये. हे धर. आणि खरं खरं सांग, तुला काय दिसतं?"

रतनने झाकण धरलं, डोकं वाकडं करून बघितलं. "बाजूने बाहेर येतंय ना. गोल नाही हा. बटाट्यासारखा आहे."

"आणि धूसर?"

"हो, आहे की धूसर. मला वाटलं, नवीन सिस्टीम आहे म्हणून असंच असेल. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मी कशाला बोलू?"

कमल खुर्चीत बसली. तिने कापायच्या टेबलावरची स्टीलची पट्टी आणायला सांगितली, आणि दोघींनी मिळून मोजलं. आडवं दहा सेंटीमीटर. उभं नऊ. तिने जवळच्या कागदावर ते दोन आकडे लिहिले. शाळेचा बॅज मोजला. तिथे उलटं निघालं, उभ्या दहा भागांना आडवे नऊच्या जवळ. स्क्रीनने जेवढं रुंद करून दाखवलं, तेवढंच तिने इमानदारीने कमी केलं होतं.

आता दोष कुठे आहे ते कळलं होतं, तो का आला ते शोधायचं राहिलं. कमलने स्क्रीनच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे रेझोल्यूशन म्हणून एक ओळ होती, १४४० गुणिले ९००. याचा अर्थ तिला ठाऊक होता. स्क्रीनवरचं चित्र बारीक चौकोनांचं असतं, आडवे इतके आणि उभे इतके. हा स्क्रीन कितीचा आहे, ते बघायला तिने रतनच्या मदतीने तो फिरवला. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, १९२० गुणिले १०८०.

तिने पुन्हा कागद घेतला. पहिल्याचा भागाकार केला तर सोळाला दहा. दुसऱ्याचा केला तर सोळाला नऊ.

"बघ रतन," ती सावकाश म्हणाली. "कॉम्प्युटर जे चित्र पाठवतोय त्याचा आकार वेगळा आणि या काचेचा आकार वेगळा. कापड चौकटीपेक्षा अरुंद असलं की आपण काय करतो?"

"ओढून बसवतो."

"तेच करतोय हा. आडवं ओढून बसवतोय. म्हणून गोल पसरला, आणि ताणलं म्हणून रेघा फिसकटल्या."

सेटिंगमध्ये दुसरे आकडे निवडायची यादी होती. त्यात १९२० नव्हतंच. सगळ्यात मोठं होतं ते १४४०. तेव्हा कमलने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकू आलं, मग एक बाई बोलली. आपलं नाव रुचिरा, काय मदत करू, असं तिने विचारलं आणि कमलने दोन वाक्यं बोलायच्या आत कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं.

"मॅडम, बंद-चालू मी पंधरा दिवस रोज करतेय," कमल म्हणाली. "तुम्ही माझं ऐका. तुमच्या माणसाने सिस्टीम बदलली तेव्हापासून स्क्रीन १४४० ला ९०० वर आहे. मॉनिटर १९२० ला १०८० चा आहे. यादीत तो आकडा येतच नाही. ऐंशीला ऐंशीचं वर्तुळ स्क्रीनवर आडवं दहा आणि उभं नऊ भरतंय."

पलीकडे आकडे टाइप केल्याचा आवाज आला. "तुम्ही स्क्रीनवर मोजलंत?"

"पट्टीने."

"थांबा हं," रुचिरा म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "स्क्रीनकडे चित्र पाठवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टीम बदलल्यावर तुमच्या कॉम्प्युटरचा जो आहे तो टाकायचा राहून गेलाय असं दिसतं. म्हणून कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय सगळं. आमच्याकडून राहून गेल्याबद्दल कंपनीच्या वतीने सॉरी म्हणते. मी इथून तुमचा कॉम्प्युटर हातात घेते आणि दहा मिनिटांत करून देते."

"नको," कमल म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करते. पुन्हा असं झालं तर मला कळायला हवं."

मग फोन टेबलावर स्पीकरवर ठेवून दोघींनी ते केलं. रुचिरा सांगत होती, कमल एकेक पायरी कागदावर लिहून मगच माउस हलवत होती. कॉम्प्युटरचं मॉडेल कुठे बघायचं, कोणता ड्रायव्हर उतरवायचा, तो कसा बसवायचा. शेवटी स्क्रीन एकदम काळा झाला.

"वाट लागली," रतन मागून म्हणाली.

"थांब जरा," कमल म्हणाली.

स्क्रीन उजळला. यादीत आता १९२० गुणिले १०८० दिसत होतं. तिने ते निवडलं आणि चित्र एकदम स्वच्छ झालं, कडा सुरीने कापल्यासारख्या. पण अक्षरं एवढी बारीक झाली की मेनू वाचायला तिला नाक काचेला लावावं लागलं. तिचा धीर खचला.

"रुचिरा मॅडम, हे मला नाही वाचता येणार हो. स्पष्ट आहे, पण मोहरीएवढं आहे."

"रेझोल्यूशनला आता हात लावू नका, ते बरोबर आहे," रुचिरा म्हणाली. "त्याच्याच वर स्केल म्हणून आहे बघा. त्याने फक्त अक्षरं आणि बटणं मोठी होतात, आकार बिघडत नाही. दीडशे टक्के करा."

दीडशे केल्यावर अक्षरं छान मोठी झाली. पण कमल घाईने उठली नाही. तिने फाइल जतन करायची चौकट उघडून पाहिली, तर चौकट स्क्रीनपेक्षा उंच झाली होती आणि खालचं 'ओके'चं बटण दिसेनासं झालं होतं. तिने रुचिराला सांगितलं. सव्वाशेवर आणलं तेव्हा बटणही आलं आणि अक्षरंही वाचता येत होती. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला. सगळं तसंच राहिलं. मग पट्टी लावली. आडवं साडेनऊ, उभं साडेनऊ.

"झालं?" फोनमधून रुचिराने विचारलं.

"झालं," कमल म्हणाली. "तुमचे उपकार आहेत."

"उपकार कसले. तुम्ही निम्मं शोधूनच ठेवलं होतंत. दिवसभरात शंभर लोक मला नुसतं 'स्क्रीन खराब आहे' एवढंच सांगतात."

फोन ठेवल्यावर कमलने मुलुंडच्या शाळेची फाइल उघडली. समईच्या ज्योतीतला प्रत्येक टाका सुटा दिसत होता, पिवळ्याशेजारी केशरी. आणि भोवतीचा गोल लांबट होता. काही दिवसांपूर्वी रतनने आणून दिलेला बॅज तिला दिसला होता, तस्साच. त्या दिवशी बॅज हातात घेतल्यावर तिच्या डोळ्यांनी तिला बरोबर सांगितलं होतं. तिनेच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

"रतन," ती म्हणाली. "त्या दिवशी तू बोलली होतीस मला."

"बोललेच होते ना."

"मी तुला गप्प केलं. चुकलं माझं."

रतनला असल्या बोलण्याची सवय नव्हती. तिने धाग्याचं रीळ उगाच उलटंपालटं केलं. "जाऊ द्या हो ताई. धागा कुठला लावू ते सांगा."

पद्मजाताई अकराला आल्या, तोवर नवा नमुना भरून तयार होता. गोल, गेल्या वर्षीच्या बॅजवर ठेवला तर कडेला कड. कमलने त्यांना डॉक्टरांचं सांगितलं, मग स्क्रीनचं सांगितलं, कागदावर लिहिलेले आकडे दाखवले. पद्मजाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"दोन आठवडे तू डोळे चोळत होतीस, ते मी बघत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वय झालं. माझंही झालंय. विचारलं नाही मी तुला."

"मीच लपवलं ताई."

"ते आहेच. पण नवीन सिस्टीम टाकून गेल्यावर कोणी तपासून बघितलं? मी सही करून मोकळी झाले." त्यांनी नमुना उचलून उजेडाकडे धरला. "काल म्हणत होतीस, दुसरं कोणीतरी बघा. बघू का?"

"नको," कमल म्हणाली.

त्या दोन आठवड्यांत तिने अकरा डिझाइनांना हात लावला होता. ती सगळी एकेक करून उघडली. मुलुंडचं सोडून आणखी चार बिघडली होती, पण त्यांतलं एकही मशिनवर गेलं नव्हतं. मुलुंडच्या शाळेत पद्मजाताई स्वतः गेल्या, झालं ते खरं खरं सांगितलं आणि मेअखेरची मुदत मागून घेतली. मशिनं जास्त वेळ चालली. सहदेवने त्या दिवसांत दोन डबे पाठवले, एक कमलचा आणि एक रतनचा. मेच्या सत्तावीस तारखेला सहाशे बॅज शाळेत पोचले, आणि या वेळी खोकं परत आलं नाही.

जूनमध्ये गाळ्यात जरा श्वास घ्यायला वेळ मिळायला लागला, तेव्हा एका दुपारी रतन कमलच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. काहीतरी मागायचं असलं की ती आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलते. त्या दिवशी ते बोलली नाही.

"मला पंचिंग शिकवाल का?" तिने सरळ विचारलं. "तुमच्यासारखे डोळे नाहीत माझे, माहितीय मला."

पूर्वीची कमल म्हणाली असती, हे शिकवून येत नाही, ते डोळ्यांतच असावं लागतं. असं ती दोघींना म्हणालीही होती, वेगवेगळ्या वर्षी, आणि त्या दोघी दुसरीकडे निघून गेल्या होत्या. तिने बाजूची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ती म्हणाली. "लांबट बॅज तुलाच आधी दिसला होता."

तेव्हापासून रोज दुपारी दीडनंतरचा एक तास रतनचा असतो. ती आधी आकड्यांनी काढते आणि मग डोळ्यांनी तपासते. कमल आधी डोळ्यांनी काढते आणि मग आकड्यांनी तपासते. यावरून दोघींची वादावादी होते, आणि ती मशिनांच्या आवाजावर ऐकू येते. डॉक्टर गंधालींनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणून सांगितलंय. तेव्हा कमलला पंधरा दिवस घरी बसावं लागेल, आणि ती आधीच म्हणून ठेवतेय की रतन आहे, काही अडणार नाही.

ऑगस्टमध्ये मनोरीच्या एका शाळेचं काम आलं. छोटी शाळा, थोडेच बॅज, मधोमध एक होडी आणि खाली तीन लाटा. लाटा भरायला अवघड असतात, वळणावर टाके एकमेकांवर चढतात. रतनने ते डिझाइन चार वेळा खोडलं. पाचव्यांदा नमुना भरून निघाला तो पद्मजाताईंच्या टेबलावर गेला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, लाटांवरून अंगठा फिरवला.

"छान उतरलंय," त्या म्हणाल्या. "कमल, तुझं ना हे?"

"रतनचं," कमल म्हणाली, आणि तिने पुढची फाइल उघडली.